५जी घ्या आणि अंगणात उभे राहा

नवा फोन घ्यायचाय? अभिनंदन. आधी खोक्यावरचा ‘५जी’ डोळे भरून पाहून घ्या, एवढा ठळक तो पुढे कुठे भेटणार नाही. आत कुठले बँड (म्हणजे लहरींचे कुठले पट्टे फोनला पकडता येतात) आहेत असलं विचारून दुकानातल्या पोराला अवघडवू नका. मी ‘एन२८ आहे का, एन७८ आहे का?’ म्हटलं, तर त्याने मागचं कव्हर फुकट देऊ केलं.

घाईही करा. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पण ५जी फोन फेब्रुवारी २०२० पासूनच विकले जात होते. तेव्हा ५जीच्या लहरींचा लिलावसुद्धा व्हायचा होता. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यावर चांदणी असेल तर खाली पाहू नका. डोळे बिघडतात.

रोजचा डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला, की नामस्मरण करा.

वर कोपऱ्यात ‘५जी’ उमटला की तो खराच आहे असं समजा. आता हे जरा समजून घ्या, कारण खरी करामत इथेच आहे. बऱ्याच ठिकाणी ५जी हे ४जीच्या खांद्यावर बसून चालतं. तिथला ४जी टॉवर नुसता कळवतो की माझ्या जोडीला ५जी लागू शकतं, आणि तेवढ्यावर कितीतरी फोन चिन्ह लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात तुम्ही ४जीवरच असता. लग्नपत्रिकेवर आमदारांची ‘प्रमुख उपस्थिती’ छापतात ना, तसं! आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत एटी अँड टीने २०१९ मध्ये ४जी फोनांवर ‘५जी ई’ असं चिन्ह झळकवलं. फोन तोच, टॉवर ४जीचाच, बदललं ते फक्त चिन्ह. तिथल्या जाहिरात परीक्षण मंडळाने २०२० मध्ये हे दिशाभूल करणारं आहे, थांबवा, असं सांगितलं. कंपनीने जाहिराती थांबवायचं मान्य केलं. फोनवरचं चिन्ह मात्र राहिलं. ४जीचीही कथा तीच. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मूळ मोजमापात ४जी म्हणजे एका जागी बसल्यावर १ जीबीपीएस वेग. कुणालाच ते जमेना, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये त्यांनीच सांगितलं, बरं, एलटीई या त्याहून हळू तंत्राला म्हणा ४जी. पोरगं नापास होतंय? पासाची रेघ खाली आणा.

हा फोन मी चिपळूणला बाबांसाठी नेला. परवा व्हिडिओ कॉल केला, तर म्हणतात, “अरे, ५जी दिसतंय बघ इथे. तू मात्र दिसत नाहीस.” मग कस्टमर केअर. ‘हँडसेट रीस्टार्ट केलात का सर?’ केला. ‘सिम काढून घातलंत का?’ घातलं. ‘मग मोकळ्या जागेत जाऊन बघा.’

मोकळ्या जागेत? चिपळूणच्या पावसात? सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मुलाचं तोंड बघायला छत्री धरून अंगणात उभं राहायचं? ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतून धड आत येत नाहीत, हे काय तुम्हाला आज कळलं? सिम विकताना, पोस्टर लावताना कळत नव्हतं? जुलै २०२४ मध्ये दर वाढवलेत आणि अमर्याद ५जी रोजच्या २ जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनांनाच ठेवलंत, तेव्हा तर सगळं बरोबर कळत होतं!

सरळ सांगतो. फोन ४जीवर असेल तर पडद्यावर ४जी लिहा. खोक्यावर बँडची यादी ‘५जी’इतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. घरात चालत नसेल तर विकायच्या आधी तसं सांगा. आणि जिथे चालतच नाही, तिथल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात ५जीचा महागडा प्लॅन मारू नका. खोटारडेपणा आहे हा.