सुरमई, सोडा आणि श्रावण

आषाढ अमावास्येला माझी आई दिव्यांची आवस म्हणते आणि माझे मित्र गटारी म्हणतात. आई त्या दिवशी दिवे घासते आणि मित्र घास घेतात, एवढाच काय तो फरक. सकाळपासून समया, निरांजने, लामणदिवा असा सगळा पितळी गोतावळा चिंच-मीठ लावून घासायचा, पाटावर मांडायचा, भोवती रांगोळी काढायची आणि संध्याकाळी कणकेचे गोड दिवे करून त्यांची पूजा करायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. 2024 साली ही अमावास्या 4 ऑगस्टला, नेमकी रविवारी आली. रविवारी गटारी म्हटल्यावर खाणारे हरखून गेले. पण श्रावण दुसऱ्याच दिवशी लागत होता आणि तो दिवस सोमवार होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एरवी श्रावण लागल्यावर पहिल्या सोमवारापर्यंत आवरासावर करायला मध्ये काही दिवस मिळतात. त्या वर्षी मध्ये फक्त एक रात्र होती.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना त्या शेडखाली आम्ही सिगडी पेटवली आणि शिगांवर कोंबडी भाजली. (पावसाला कंटाळून एका मित्राने सिगडी दिवाणखान्यात न्यायची सूचना केली होती. बंद खोलीत कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो, हे सांगून मी ती फेटाळली. त्या दिवशी माझ्या हातून झालेले शहाणपणाचे कृत्य एवढेच.) खाली स्वयंपाकघरात 28 लिटरच्या ओव्हनमध्ये सुरमई होती. हा ओव्हन आम्ही 2019 साली नानकटाईसाठी घेतला होता, कारण लहानपणी दिवाळीत पिठाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीसमोर रांगेत उभे राहिल्याची आठवण मला त्या वेळी फार येत होती. नानकटाई दोनदा झाली. पुढची पाच वर्षे पिझ्झ्याचे चीज आणि माशांचे तेल यांनी ओव्हनचा ताबा घेतला. त्या रविवारी तर दोन्ही बाजूंनी सारखी धग लागावी म्हणून मी सुरमईचे तुकडे ट्रेवर न ठेवता थेट जाळीवर मांडले. धग सारखी लागली. तेल, आगळ आणि लसणाचा मसालाही सगळीकडे सारखाच लागला.

चार वाजता पाहुणे गेले आणि आईने ओव्हनचे दार उघडले.

"अरे, उद्या उपवासाची रताळी यातच भाजायची आहेत ना?" तिने विचारले.

बायको आईसमोर मला अहो म्हणते. ते तिने अगदी गोड आवाजात म्हटले आणि पुढे सांगितले, की ज्याने सुरमई लावली त्यानेच ओव्हनही लावून ठेवावा.

मी आधी प्लग काढला. विजेच्या वस्तूला ओले फडके लावण्यापूर्वी तो काढावा आणि सळया पूर्ण थंड होऊ द्याव्यात, एवढे मला ठाऊक होते. पुढचे सगळे ज्ञान मोबाइलवरचे होते. त्यात एक हसतमुख बाई खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतत होत्या, फसफसून फेस येत होता आणि पुढच्याच दृश्यात ओव्हन लखलखत होता. मी अर्धा डबा सोडा आणि पाऊण बाटली व्हिनेगर खर्ची घातले. फेस मलाही भरपूर आला.

"बाबा, आम्ही शाळेत ज्वालामुखी असाच केला होता," सातवीतला मुलगा म्हणाला. "फेस गेला की नुसतं पाणी उरतं."

त्याचे म्हणणे खरे होते. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघे समोरासमोर आले की एकमेकांनाच संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम अ‍ॅसिटेटचे मचूळ पाणी उरते. दोन पहिलवानांनी एकमेकांना लोळवून आखाडा सोडावा आणि ज्याला पाडायला त्यांना आणले होते त्याने कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवाव्यात, तसे ते किटण जागच्या जागी शाबूत होते.

मग मी तारेची घासणी घेतली. पाच मिनिटांनी किटणावर ओरखडा नव्हता, पण शेजारच्या स्वच्छ पत्र्यावर चार होते. आतल्या पत्र्याचा मुलामा असा खरवडला गेला की त्या जागी गंज धरतो, हे मला आठवले तेव्हा पाचवा ओरखडा काढून झाला होता. त्याच सुमारास न्यू जर्सीहून बहिणीचा फोन आला. "दादा, आमचा ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करतो," असे तिने सांगितले. तो म्हणे दाराला आपोआप कुलूप घालून घेतो, सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि आतल्या सगळ्या घाणीची राख करतो. माणसाने फक्त जाळ्या आधी बाहेर काढायच्या आणि नंतर राख पुसायची. तिच्या शेजाऱ्यांकडे पोपट आहे आणि त्या धुराने पक्ष्यांना अपाय होतो, म्हणून तो दिवस ती त्यांना आधी कळवते. आमच्या ओव्हनचा काटा 250 वर थांबतो आणि आमच्या शेजाऱ्यांना काहीही न कळवता सगळे कळते, असे सांगून मी फोन ठेवला.

दुकानात मिळणारा फवारा बायकोने पूर्वीच आणून ठेवला होता. त्याच्यावरच्या सूचना मी चष्मा लावून वाचल्या. त्यात कॉस्टिक सोडा होता. तो चरबीचा अक्षरशः साबण करतो. पण कातडीही त्याला चरबीइतकीच प्रिय, म्हणून हातमोजे घाला, खिडक्या उघडा, सळयांवर मारू नका, अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, असा सगळा सोवळ्याचा मामला होता. खिडक्या उघडल्या तर पाऊस थेट समयांवर येणार होता. मी फवारा परत ठेवला आणि त्याच्यापेक्षा सौम्य म्हणून धुण्याचा सोडा निवडला.

मुलाचा बाळपणीचा आंघोळीचा टब माळ्यावर होता. त्यात कडक पाणी घेऊन धुण्याचा सोडा टाकला आणि ओव्हनची स्टीलची जाळी, सिगडीची लोखंडी जाळी, शिगा असे सगळे बुडवले. ही युक्ती उत्तम आहे आणि ती मी कोणालाही डोळे झाकून सांगेन. डोळे झाकून मी त्यात बायकोचा अ‍ॅल्युमिनियमचा केकचा डबाही टाकला. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे येऊ लागले तेव्हा मला वाटले, सगळ्यांत चांगला साफ होतोय तो हाच. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते आणि सोडा डबाच खात होता. अर्ध्या तासाने तो बाहेर काढला तेव्हा तो श्राद्धाच्या कावळ्याइतका काळा झाला होता. बायको काही बोलली नाही. ती डब्याकडे पाहत राहिली, हे बोलण्यापेक्षा वाईट होते. शेवटी आईने दिव्यांसाठी कोळलेल्या चिंचेचे उरलेले पाणी त्यात ओतून तो गॅसवर उकळत ठेवला आणि आंबटाने काळेपणा हळूहळू उतरू लागला.

तेवढ्यात तिने माझ्या हातातली घासणी पाहिली.

"न भिजवता डाळ वाटायला बसलास तर पाटा झिजेल, डाळ नाही," ती म्हणाली. "आपला बिडाचा तवा घासून पांढरा होतो का कधी? हे तेच आहे."

मी थबकलो, कारण हे खरोखरच तेच होते. तेल तापत राहिले की त्याचे रेणू एकमेकांना धरून जाळे विणतात आणि मग ते तेल राहतच नाही. त्याचे रोगण होते. क्रिकेटच्या बॅटला चोळलेले जवसाचे तेल हवेनेच सुकून कडक होते, तोच प्रकार ओव्हनमध्ये उष्णतेने झटपट होतो. बिडाच्या तव्यावर आपण हा थर मुद्दाम चढवतो, तवा मुरला म्हणून शेजारणींना दाखवतो आणि डोसा न चिकटता सुटला की धन्य होतो. तोच थर ओव्हनच्या भिंतीवर चढला की त्याला किटण म्हणतो. असल्या रोगणाला मनगटाने काही होत नाही. त्याला अल्कली लावून रात्रभर विचार करू द्यावा लागतो.

म्हणून रात्री नऊ वाजता मी उरलेला अर्धी वाटी खाण्याचा सोडा दोन-तीन चमचे पाण्यात, पाट्यावरच्या चटणीइतका दाट कालवला आणि सळया, त्यांच्या टोकाची भोके व पंखा वगळून भिंतींना, तळाला आणि दाराच्या काचेला सारवल्यासारखा लावला. व्हिनेगरला हातही लावला नाही. (शेजारच्या मायक्रोवेव्हचे काम मध्येच उरकले. वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा टाकून पाच मिनिटे उकळायचे, दार तसेच बंद ठेवायचे आणि मग पुसून घ्यायचे. तिथे धग भिंतींना लागत नाही, म्हणून रोगणही होत नाही.)

राहिली सिगडीची जाळी. ती साफ करायची खरी वेळ दुपारी, जेवण संपताच होती. जाळी दहा-पंधरा मिनिटे निखाऱ्यांवर तशीच राहू दिली असती तर चिकटलेले सगळे जळून भुरभुरीत झाले असते आणि ब्रश फिरवताच पडले असते. त्या वेळी आम्ही सोलकढी पीत होतो. आता टबातून निघालेली जाळी मऊ पडली होती, पण साफ नव्हती. शेजाऱ्यांनी तारांचा ब्रश देऊ केला, तर बायकोने तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटून राहते आणि पुढच्या खेपेला घासाबरोबर पोटात जाते, हे तिने वाचले होते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या डॉक्टरांनी पाहिलेल्या अशा सहा रुग्णांची नोंद 2012 साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्धच केली आहे. मोबाइलवरच्या बाईंनी गरम जाळीवर अर्धा कांदा घासायला सांगितले. मी कांदा घेतला. आईने घड्याळाकडे पाहिले आणि मी कांदा ठेवला.

"सिगडीत एवढी राख पडली आहे आणि तू कांदे काय शोधतोस?" ती म्हणाली.

मी केर भरायची प्लॅस्टिकची सुपली घेऊन गच्चीवर गेलो. राखेखालचा निखारा हा नुसता भाषेचा अलंकार नाही, हे सुपलीला पडलेल्या भोकावरून सिद्ध झाले. कोळसा विझलासा वाटला तरी राखेत धग तासन्‌तास राहते, म्हणून ती लोखंडी घमेल्यातच घ्यावी. मी दुसऱ्या खेपेला तेच केले, ती पसरून निवू दिली, जुन्या गाळणीने चाळली आणि नारळाच्या ओल्या काथ्याने रात्री अकरा वाजता बाल्कनीत बसून जाळी घासू लागलो. राखेत पोटॅशचा क्षार असतो, म्हणजे तीही अल्कलीच. शिवाय तिला बारीक कसही असतो. दहा मिनिटांत लोखंड दिसले. त्याआधी सहा तास मी जे करत होतो त्याला काय म्हणावे, ते माझे मलाच ठरवायचे आहे. जाळी धुऊन गॅसवर कोरडी केली आणि तेलाचा पुसट हात दिला. पावसाळ्यात लोखंड ओले ठेवले तर सकाळी तांबडे झालेले असते.

पहाटे सहाला ओव्हनमधला सोडा विटकरी झाला होता. लाकडी उलथन्याने तो पापुद्र्यासारखा निघाला, काचेचे कोपरे मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाने निघाले आणि ओल्या फडक्याने पुसूनही जी पांढरी पुटे राहिली, त्यांच्यावर तळाशी उरलेले व्हिनेगर शिंपडले. आता ते फसफसले ते कामाचे होते. शेवटी रिकामा ओव्हन 200 अंशांवर वीस मिनिटे तापवला. काचेत माझा चेहरा दिसत होता आणि तो फारसा ताजा नव्हता.

अकराच्या सुमारास आई धुतलेली रताळी घेऊन आली. तिने दार उघडले, वाकली आणि दीर्घ श्वास घेतला.

"सुरमईचा वास नाही हं अजिबात," ती म्हणाली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "पण हा आंबूस वास कसला रे?"

"व्हिनेगरचा," मुलगा म्हणाला.

"ते उपवासाला चालतं का?"

कोणालाच सांगता येईना. मुलाने बाटलीवरची बारीक अक्षरे वाचून पाहिली, पण त्यात एकादशी किंवा सोमवार यांचा उल्लेख नव्हता. आईने क्षणभर वाट पाहिली, रताळी पदराखाली घेतली आणि ती जिन्याकडे वळली.

"सिगडी काय वाईट आहे? राखेने घासलेली आहे."

पाऊस थांबला होता. शेडखाली नवे कोळसे फुलले, रताळी निखाऱ्यांच्या कडेने राखेत पुरली गेली आणि अर्ध्या तासाने साले काळी होऊन तडकली. आम्ही ती तिथेच उभ्याने, तूप लावून खाल्ली. खाली आलो तेव्हा बायकोने ओव्हनचा प्लग काढून ठेवला होता आणि त्याच्यावर क्रोशाचे पांढरे कव्हर घातले होते. ते दसऱ्यापर्यंत निघाले नाही.