गच्चीवरचा बिनकामाचा पाइप

गच्चीवर टोपी घालून उभे असलेले ते पाइप पाहिलेत ना? त्यांतून पाणी येत नाही की जात नाही. मग खुशाल फरशीलगत कापा आणि वर एंडकॅप ठोका. पापडांच्या वाळवणाला तेवढीच जागा.

काम नीट झालंय की नाही, ते कानाला कळेल. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला, की सहा-सात लिटर पाणी त्याच पाइपाच्या खालच्या, मैल्याच्या भागातून कोसळतं आणि मागून हवा ओढतं. वरची वाट तुम्ही बुजवलीत. मग ते हवा घेणार तुमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातून. घुळुक! ट्रॅपमधलं जेमतेम ५० मिलिमीटर पाणी त्याच घोटात जातं. गटार आणि तुमचं नाक यांच्यामध्ये तेवढाच पडदा होता. तळमजल्यावर उलटा प्रकार: पाणी खालच्या बेंडवर आदळतं, हवा कोंडते आणि कमोडमध्ये बुडबुडे येतात. पाहुण्यांनी विचारलंच, तर बेडूक पाळलाय म्हणा.

बेसिनखाली बॉटल ट्रॅपवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या त्या बाटलीवर, पैसे घालवू नका. लवचीक वेस्ट पाइप सरळ भिंतीतल्या भोकात खुपसा, भोवती पांढरं सिमेंट थापा. झुरळांनाही वर यायला सरळ रस्ता नको का?

बाथरूम नव्याने करताना कमोड हमखास समोरच्या भिंतीला हलवा. ११० मिलिमीटरच्या आडव्या पाइपाला मीटरमागे दोनेक सेंटिमीटर उतार हवा, असं जुना प्लंबर कुरकुरेल. फरशी उंच होते ना त्याने! पाइप सपाटच टाका. मैला आरामात मुक्काम करील. आडव्या जोडाला तिरक्या फाट्याचा वाय कशाला, साधा काटकोनी टी चालतो. तुंबल्यावर उघडायच्या झाकणाचा डोअर बेंड मात्र इटालियन टाइलमागेच गाडा. तुंबल्यावर फोडायला काहीतरी भारीतलं असावं.

आणि मे महिन्यात गावाला निघताना जाळीत मगभर पाणी ओतणं हा निव्वळ आजीचा वेडेपणा. ट्रॅप आटला तर आटू दे. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स संकुलात २००३ साली तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा साथरोग झाला. कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून मैलापाइपातली हवा आत खेचणारे बाथरूमचे पंखे हे त्यामागे असावेत, असं तपासात पुढे आलं. ते तिकडचं झालं. आपल्याकडे वास आला तर एक्झॉस्ट फॅन आहेच. आणखी मोठा बसवा.