सोड्यात गॅस नाही

परवा धुळ्यात स्टँडबाहेर एका सोडावाल्या आबांनी मला सगळ्यांसमोर, म्हणजे दोन रिक्षावाले, एक केळीवाली मावशी आणि पांढऱ्या टोपीतले एक काका एवढ्यांसमोर, "भो, तुन्ही जीभ मरेल शे" असं सांगितलं आणि वर साठ रुपये घेतले. आणि आबा बरोबर होते हो, तेच अजून पचत नाहीये.

झालं असं की आम्ही चौघं मित्र लेहला निघालो होतो. धुळं समुद्रसपाटीपासून जेमतेम २५० मीटरवर, लेह ३५०० मीटर, आणि दिल्लीहून विमान दीड तासात नेऊन टाकतं, म्हणून डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीवरचा त्रास टाळायची गोळी, लिहून दिली. आधी सल्फाची ॲलर्जी आहे का विचारलं, मग म्हणाले २५० ची गोळी मिळेल, ती अर्धी करून सकाळ-संध्याकाळ घ्या, विमानाच्या आदल्या दिवसापासून. मी शहाणा. विमान दिल्लीहून दोन दिवसांनी सकाळी, पण म्हटलं जरा आधीच सुरू केलेली बरी, आणि अर्धी करायला गेलो तर भुगा व्हायला लागला म्हणून अख्खीच गिळली. धुळ्यात. ४३ डिग्रीत. डोंगर म्हणाल तर समोर लळिंगचा किल्ला, बस्स.

दोन-तीन तासांनी बसची वाट बघत उभा होतो, घशाला कोरड, म्हणून लेमन सोडा घेतला. एक घोट घेतला आणि लिंबाचं कोमट पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "आबा, गॅस गेलाय याचा."

आबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मन्हा सोडामा गॅस नही?"

त्यांनी दुसरी बाटली घेतली, गोटी दाबली, तर असा फेस उडाला की माझ्या शर्टावर नकाशा उमटला. "हाऊ काय शे मंग?" मी प्यायलो. पाणी. म्हटलं आबा, फेस दिसतोय, पण जिभेला लागत नाहीये. ही म्हणजे माझी चूकच झाली, कारण आबांनी तिसरी बाटली फोडली आणि साक्षीदार बोलावले. एक रिक्षावाला प्यायला, "कडक शे" म्हणाला. दुसरा प्यायला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाल्या मले नको, मन्हा दात दुखतस. मग पांढऱ्या टोपीतले काका पुढे आले, उरलेला अर्धा ग्लास एका दमात संपवला, डोळे मिटले, सगळे गप्प. रिक्षासुद्धा थांबली असेल. आणि काकांनी असा ढेकर दिला की मावशींनी पदर सावरला.

"उना ना ढेकर?" आबा माझ्याकडे बघून.

याच्यापुढे वकील काय करणार? मी साठ रुपये दिले, वीस प्रमाणे तीन, त्यातला अर्धा ग्लास काकांनी ढेकरासाठी वापरला तोही माझ्याच हिशोबात. बाकीचं मीच संपवलं, पैसे दिलेत म्हणून. खान्देशी माणूस पैसे दिलेली गोष्ट टाकत नाही, लग्नात पोट फुटेपर्यंत भरीत खातो ते उगाच नाही.

आणि इथून खरा छळ. सोडा पोटात, डायमॉक्स रक्तात आणि मी जळगावच्या बसमध्ये, बाजूला कोण, तर तेच ढेकरवाले काका. पारोळ्याच्या आधीच पोटाखाली कळ. उठून कंडक्टरला विचारलं तर म्हणे स्टँड आल्यावर. मधल्या एका स्टँडवर उतरून पळालो, तिथे दारात टेबल टाकून बसलेला माणूस पाच रुपये सुट्टे मागतो, भिंतीवर पुरुषांना मोफत असं रंगवलेलं, मी बोट दाखवलं तर म्हणे तो जुना बोर्ड आहे. आत गेलो तर तो जुना बोर्ड बरा असं वाटलं. आता विनोद बाजूला, मी पुरुष म्हणून निभावलं, माझी बायको असल्या प्रवासात सकाळपासून पाणीच पीत नाही, जूनच्या उन्हात, आणि आपण चौपदरी रस्त्याचं कौतुक करत बसतो.

परत बसलो, वीस मिनिटांत पुन्हा. काका म्हणाले, "भाऊ, तुले शुगर शे." मी म्हटलं नाही, गोळी घेतलीये. काका मागच्या सीटला म्हणाले, "गोळी चालू शे याले शुगरनी." एरंडोलपर्यंत अख्ख्या बसला माझी शुगर झाली होती. एका बाईंनी कारल्याचा रस सांगितला, कुणी मेथीदाणे. तेवढ्यात माझ्या बोटांना आणि ओठांना मुंग्या यायला लागल्या, मी हात झटकला तर काका एकदम गंभीर, "लकवा"! आणि माझा हात धरून जळगावपर्यंत चोळत बसले. सोडलाच नाही. तिसऱ्यांदा उतरायचं होतं तर हात सोडवावा लागला.

रात्री दिल्लीच्या गाडीत मोबाईलवर वाचलं तेव्हा उलगडलं. ही गोळी कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम अडवते, मग किडनी बायकार्बोनेट बाहेर टाकते, म्हणून लघवी, रक्त जरा आंबट होतं, म्हणून श्वास वाढतो, आणि तोच वाढलेला श्वास वर गेल्यावर कामाचा. मुंग्यासुद्धा बहुतेकदा तिच्याच, गोळी बंद केली की जातात. आणि हेच एन्झाइम जिभेला सोड्याचा गॅस ओळखून देतं. म्हणजे आबांचा सोडा कडक होता आणि माझी जीभ खरंच मेलेली होती. डॉक्टरांनी लघवीचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, सोड्याचं एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? गोळीबरोबरच्या कागदावर असेलही, पण तो मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात, तोही इंग्रजीत.

दिल्लीपासून मात्र सांगितलं तसंच केलं. केमिस्टकडून गोळी तोडायची चार आणे किमतीची प्लास्टिकची डबी घेतली (चाळीस रुपयांना), अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी जेवणाच्या बरीच आधी, म्हणजे रात्री उठणं कमी. लघवी होते म्हणून पाणी तोडायचं नाही, उलट पीत राहायचं, आणि दारूचं नाव नाही, यावर आमच्यातला एक जण अजून रुसलेला आहे. गोळी घेतली म्हणून उड्या मारायच्या नाहीत, पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, डोकं फारच दुखलं, उलट्या झाल्या की वर न जाता खाली यायचं.

तर आत्ता लेहच्या हॉटेलात पडून हे टाईप करतोय, अंगठ्याला मुंग्या आहेत, चुका माफ करा. शेजारच्या पलंगावरच्या रुसलेल्याने आत्ताच थंडगार कोला फोडला, एक घोट घेतला, बाटली उजेडात धरून बघितली.

"याच्यात गॅसच नाहीये राव. खाली जाऊन सांगू का त्यांना?"

म्हटलं, जा ना. जोरात सांग.