गेंड्याचे चार आणे

तुमच्या लेखात लिहिलंय की गेंड्याचं चित्र असलेल्या 25 पैशाच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, कृपया असं छापू नका हो, 1988 ते 2002 मध्ये ही स्टीलची नाणी ढिगाने निघाली होती, वापरून झिजलेल्याला किरकोळच भाव येतो. आधी सालाच्या खाली भिंगातून बघा, नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलंय त्याची खूण असते, ठिपका म्हणजे नोएडा, पत्त्यातली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालातली एखाद्या टांकसाळीची कमी सापडतात, खरा फरक तिथे पडतो, आणि नाणं कोरं पाहिजे, घासून चकचकीत केलंत की भाव गेलाच. बाकी विकून देतो म्हणून कोणी आधी रजिस्ट्रेशन फी मागितली तर एक रुपया देऊ नका, रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सावध केलंय, तरी वयस्कर माणसं अजून फसतायत, फार वाईट वाटतं.