जुन्या मस्टँगचं इंजिन सगळ्यांत शेवटी

गेले काही महिने अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय, साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची गाडी, घरच्या गॅरेजमध्ये नवी करायला सगळ्यांत सोपी. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, पान्यांचा एक सेट पुरे. गंजलेली मस्टँग स्वस्तात उचला, जुन्या इंजिनाच्या जागी मोठं बसवा, बाकी गाडी आहे तशी चालते, शनिवार-रविवार काम करा. शिसं नसलेल्या पेट्रोलने इंजिन मरतं, म्हणून दर टाकीला औषधाची बाटली ओता. एकट्या माणसाला सहा महिन्यांत जमतं, आणि विकलीत तर दुप्पट पैसे.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. माझ्या गॅरेजमधली १९६६ ची मस्टँग याच गावात, रूट वनवरच्या फोर्डच्या कारखान्यात तयार झाली. कारखान्याचं नाव मटचन, पण जागा एडिसनची. तो २००४ साली बंद पडला, आता तिथे दुकानं आहेत. (जाणकार मस्टँगला मसल कार न म्हणता पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, म्हणतात. मजकुरात तीच आहे, म्हणून तिच्यावरच बोलतो.) हे काम घरी होतं, मी केलंय, आणि आणखी लोकांनी करावं असं मला मनापासून वाटतं. पण हा मजकूर वाचून कुणीतरी खरंच गाडी घेईल आणि पोरांना मागच्या सीटवर बसवून फिरायला नेईल, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, "साधी गाडी, पान्यांचा सेट पुरे." गाडी समजायला साधी आहे, हे खरं. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, हात पोचतो. पण या गाडीचं खरं दुखणं नटबोल्टांत नसून पत्र्यात आहे, आणि तेही न दिसणाऱ्या जागी.

पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते. जाळीखाली पत्र्याची बंद पोकळी, आणि तिच्यातल्या हवेच्या भोकाभोवती बोटभर उंच कडं. साठ वर्षं त्या कड्याशी पानं आणि माती साचत आली. तो लगदा ओला राहतो आणि कडं बुडापासून कुजतं. गाडी बघायला जाल तेव्हा पाण्याची बाटली न्या, जाळीवर सावकाश ओता आणि टॉर्च घेऊन पायाशी बघा. पाणी पुढच्या मडगार्डांच्या मागून जमिनीवर पडायला हवं. कार्पेटवर टपकलं, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, आत गंज आहे. माझ्या गाडीत हीटरच्या डब्यावरून धार लागली होती.

त्या दुरुस्तीसाठी मडगार्ड आणि बॉनेट उतरवून काचेखालचा अख्खा पत्रा काढावा लागतो. तो स्पॉट वेल्डने बसवलेला असतो. एकेक वेल्ड शोधायचा, ड्रिलने फोडायचा, खालचा पत्रा जपायचा. या एका कामात माझा एक हिवाळा गेला.

शिवाय या गाडीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअरचा पत्रा हाच सांगाड्याचा भाग. दोन्ही बाजूंचं कुजलेलं फ्लोअर एकदम कापलं तर बॉडी मधे बसते, मग दारं लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या वेल्ड करून आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची. आणि मागच्या बाजूला वेल्डिंग करणार असाल तर आधी पेट्रोलची टाकी बाहेर काढा. या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा म्हणजेच डिकीचं फ्लोअर. सामान ठेवतो त्याच्या लगेच खाली पेट्रोल.

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. "मोठं इंजिन बसवा, बाकी गाडी आहे तशी चालते."

माझ्या गाडीवर कारखान्यात ठोकलेला नंबर (व्हीआयएन) ६टी०७टी असा सुरू होतो. सहा म्हणजे १९६६, पहिला टी म्हणजे मटचन, ०७ म्हणजे कूपे (दोन दारांची, पक्क्या छताची), आणि पाचव्या जागेवरचा टी म्हणजे कारखान्यातून निघताना त्यात २०० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, १२० हॉर्सपॉवरचं. मी घेतली तेव्हा बॉनेटखाली २८९ क्युबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. विकणाऱ्याने ते कारखान्याचंच असल्याचं सांगितलं. मी नंबर वाचला नाही आणि चाकंही मोजली नाहीत. त्या वर्षी सहा सिलिंडरच्या गाडीच्या चाकाला चार बोल्ट असायचे, व्ही-८ च्या चाकाला पाच. माझ्या गाडीला चार होते.

म्हणजे आधीच्या मालकाने नेमकं या मजकुरातलंच केलं होतं. इंजिन बदललं आणि खालचं सगळं तसंच ठेवलं. व्ही-८ च्या गाडीला फोर्ड दहा इंची ब्रेक ड्रम देत असे, माझ्या गाडीला नऊ इंचीच राहिले. मागचा अ‍ॅक्सल हलका, पुढच्या स्प्रिंगा हलक्या, आणि नाकावर व्ही-८ चं वजन.

वर आणखी एक गोष्ट. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) एकच सर्किट आहे. तीनपैकी कुठलाही एक रबरी होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७ पासून पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं झालं. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सिग्नलला पाय ठेवला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होज फुटला होता. रस्ता सपाट होता, वेग कमी होता, हँडब्रेकवर गाडी थांबली. शेजारी माझी मुलगी बसली होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर, सगळे होज आणि ब्रेकच्या नळ्या नव्या, पुढे डिस्क ब्रेक आणि पुढचा-मागचा दाब वाटणारा व्हॉल्व्ह. मग पाच बोल्टांचे हब आणि व्ही-८ चा अ‍ॅक्सल. मग सस्पेन्शन. इथे एक स्वस्त आणि जुनी सुधारणा आहे. वरच्या कंट्रोल आर्मची (चाक बॉडीशी जोडणारा हात) भोकं इंचभर खाली पाडायची. मस्टँगच्या रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या शेल्बीने १९६५ च्या जीटी-३५० मध्ये हेच केलं होतं. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी शहाणी वागते. रेडियल टायर घातलेत तर अलाइनमेंट जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करू नका, ते त्या काळच्या बायस-प्लाय टायरांसाठी आहेत. रेडियलला कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव, जास्त लागतो. हे सगळं झाल्यावर इंजिनाकडे वळा.

आणि जुन्या जाहिरातीतले हॉर्सपॉवरचे आकडे आजच्या गाडीशी ताडू नका. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपर्यंत बहुतेक आकडे ग्रॉस असत. इंजिन टेस्ट स्टँडवर, पूर्ण एक्झॉस्ट आणि गाडीतली बरीच जोडणी नसताना मोजलेलं. २८९ चे साधे २०० हॉर्सपॉवर प्रत्यक्ष गाडीत बरेच कमी भरतात.

तिसरा मुद्दा, "शिसं नसलेल्या पेट्रोलने इंजिन मरतं, दर टाकीला औषधाची बाटली ओता." अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद आहे. शिशाविना व्हॉल्व्हची सीट झिजते हे खरं, पण ती झीज मुख्यतः सतत जोरात आणि भाराखाली पळवल्यावर होते. रविवारी फिरवायच्या गाडीने घाबरायचं कारण नाही. हेड उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, प्रश्न मिटला. काळजी इथेनॉलची करा. दहा टक्के इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलचे सगळे होज बदला. आणि नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलात तर पहिली वीस मिनिटं जपा. जस्त असलेलं ऑइल घाला, इंजिन सुरू होताच आयडलवर न ठेवता दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा. या इंजिनांचे कॅमवर टेकणारे टॅपेट सपाट बुडाचे असतात, त्या वेळी घासले गेले की कॅम संपला.

"दुप्पट पैसे" या मुद्द्यावर जास्त लिहीत नाही. १९६६ साली मस्टँगच्या जवळपास पाच लाख कूपे विकल्या गेल्या, म्हणजे साधी कूपे दुर्मिळ नाही. पत्रा, रंग आणि सुट्या भागांच्या पावत्या मी जपून ठेवल्यात, आणि त्यांची बेरीज माझ्या गाडीच्या बाजारभावाच्या वर जाते. याचा फायदाही आहे. अशा गाडीत हवे ते बदल मोकळ्या मनाने करता येतात. नंबरात पाचव्या जागी 'के' असेल तर मात्र कापाकापी करू नका. ते २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन, आणि त्या काळी गाडीचा नंबर फक्त त्याच २८९ वर ठोकत. साध्या २८९ ला "नंबर मॅचिंग" म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका, जुळवायला त्यावर नंबरच नाही.

राहिलं "एकट्या माणसाला सहा महिन्यांत." मला तीन हिवाळे लागले, आणि एकट्याने झालं नाही. ब्रेकमधली हवा काढायलाच दोघं लागतात. गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँड) चढवून मी खाली पडलो होतो, ब्रेकमधली हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावलेली, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलवर मुलगी. "दाब. धरून ठेव." मी निपल सैल करायचो, नळीतून बुडबुडे जायचे, मी आवळायचो. "आता सोड." मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करून पुढच्या डाव्यापर्यंत येईस्तोवर अंधार पडला. शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले, आणि तिने वरून सांगितलं, "बाबा, आता पेडल खाली जात नाहीये."