महामार्गाला ३६२ पायऱ्या

जपानमध्ये गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना (सोबत मूळ लायसन्स हवंच) तिथे चालतो. एवढ्या भांडवलावर मराठी माणूस उत्तर जपानात भाड्याची गाडी घेतो. पहिला अपमान पेट्रोलपंपावर.

स्वस्तात मिळते ती ‘केई’ गाडी: ६६० सीसी, पिवळी नंबरप्लेट, एक बॅग डिकीत, दुसरी मांडीवर. केई म्हणजे हलकी. आणि तिथे डिझेलला म्हणतात ‘केइयु’, म्हणजे हलकं तेल. हलक्या गाडीत हलकं तेल! इतकं बिनतोड आणि इतकं महागडं तर्कशास्त्र मी दुसरं पाहिलेलं नाही. खुद्द जपानी लोकही त्याला फसतात. पण ही गाडी पेट्रोलची, आणि डिझेल स्पार्क प्लगने नीट पेटत नाही. गाडी थोडी पुढे जाते, धूर सोडते आणि बसते. हिरवी नळी डिझेलची, पिवळी हाय-ऑक्टेनची, आपली लाल. पंपावर माणूस असला तर ‘रेग्युरा, मानतान’ म्हणायचं: साधं पेट्रोल, टाकी फुल्ल. हिरवी घातली गेलीच तर इंजिन सुरू करायचं नाही, आधी टाकी उपसून घ्यायची. खेड्यातले पंप संध्याकाळीच झोपतात, तेव्हा अर्धी टाकी म्हणजे रिकामी समजावी.

गाडी अकितात घेऊन १०१ नंबरच्या महामार्गाने उत्तरेकडे निघावं. समुद्र डावीकडे, आपल्याच बाजूला राहतो. फोटोसाठी रस्ता ओलांडावा लागत नाही. अजिगासावाला रस्त्याकडेला माकुलं दोरीवर धुण्यासारखी वाळत असतात. तिथल्या तिथे भाजून देतात. खा.

सोबतीला गोनो लाइनचे रूळ असतात. दिवसाला मोजक्या आगगाड्या, तरी फाटक उघडं असतानाही रेषेआधी चाक पूर्ण थांबवायचं, काच खाली करून कान द्यायचा, पलीकडे गाडीपुरती जागा आहे ना ते बघायचं आणि मगच निघायचं. न थांबल्यास ९,००० येन. फाटक पडताना ज्याला चेव येतो, त्याला उघड्या फाटकापुढे थांबायला लावणं म्हणजे शिक्षाच. मागचा जपानी मात्र हॉर्न वाजवत नाही. ते जास्त लागतं.

मग ३३९ नंबर. कोदोमारीहून तप्पी टोकाकडे जाणारा घाट हिवाळ्यात बंद असतो. उघडा असला तर वळणावळणाला समुद्र खाली खाली जातो. टोकाला पोचल्यावर हा राष्ट्रीय महामार्ग चक्क जिना होतो. ३६२ पायऱ्या, मधोमध कठडा आणि बाजूला इमानेइतबारे निळी ‘३३९’ची पाटी. गाड्यांना खालच्या वस्तीत जायला वेगळा रस्ता आहे, पण इथवर येऊन महामार्ग पायी उतरायचा नाही, हे मला पटत नाही.

गाडी वरच ठेवायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. कुलूप लावलं की नाही, ही शंका साधारण तीनशेव्या पायरीवर येते.