दाढेचा खड्डा धुवायची घाई नको

‘अक्कलदाढ काढलीय? डॉक्टर सांगणार नाहीत ते वाचा!’ अशा सुरुवातीचा एक निरोप सोलापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे खालची दाढ काढून गेलेल्या, विड्या वळणाऱ्या एक मावशी चौथ्या दिवशी कानशील धरून परत आल्या, तेव्हा त्यांच्या सुनेने तो मला मोबाइलवर दाखवला. त्यातलं एकेक घेतो.

‘घरी येताच कापूस फेका, मीठपाण्याने खळखळून चुळा भरा, घाण रक्त निघून जाईल.’ मावशींनी नेमकं हेच केलं होतं. पण ते रक्त घाण नसतं. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त साकळून गुठळी होते आणि तिच्याखाली हाड आणि नसांची टोकं झाकली जातात. गुडघ्यावरची खपली आपण खरवडत नाही. ही तोंडातली खपली, ओली आणि मऊ. म्हणून कापसाची घडी अर्धा ते पाऊण तास दाताखाली घट्ट धरायची, सारखी काढून बघायची नाही. पहिले २४ तास चूळ नाही, पचकन थुंकणं नाही, स्ट्रॉने नारळपाणी ओढणं नाही. लाळ गिळायची. ती दिवसभर लालसर दिसते, कारण थेंबभर रक्तानेही तोंडभर लाळ रंगते. तोंड भरून रक्त येतच राहिलं, तर मात्र नवी घडी दाबा आणि डॉक्टरांना फोन करा.

मीठपाणी चांगलंच, पण दुसऱ्या दिवसापासून. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्यायचा, मान हळूच इकडे-तिकडे कलवायची आणि पाणी नुसतं खाली पडू द्यायचं.

गुठळी सुटली तर खड्डा कोरडा पडतो. आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो. दुखणं उतरणीला लागलंय असं वाटत असतानाच, साधारण दोन ते चार दिवसांनी, ठणका उसळतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो आणि गोळीनेही आवरत नाही. मावशींचं तेच झालं होतं.

‘खड्ड्यात मशेरी दाबा, नाहीतर लवंगेचं तेल.’ मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला भरून यायला हवं ते रक्तच कमी मिळतं. विडी-सिगारेटचं तर दुहेरी नुकसान, झुरका ओढताना गुठळीही ओढली जाते. सोलापूरच्या पूर्व भागात जिची उभी हयात मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळण्यात गेली, तिला ‘मशेरी सोडा’ म्हणणं मला सोपं आहे, हे कळतं. तरी निदान तीन दिवस, जमल्यास आठवडा. लवंगेची गंमत वेगळी. कोरड्या पडलेल्या खड्ड्यात आम्ही जी औषधी पट्टी ठेवतो, तिच्यात बहुतेकदा लवंगेतलंच युजेनॉल असतं. पण ते मापात असतं. ताज्या जखमेवर निखळ तेल ओतलं तर हिरडी भाजते. दाढेपाशी डिस्प्रिनची गोळी धरून ठेवणाऱ्यांचंही तसंच होतं.

‘बर्फ नको, गरम शेक द्या.’ पहिल्या दिवशी नेमकं उलटं करायचं. रुमालात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून १५-२० मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. शेकाची पाळी दोन दिवसांनी.

‘तिसऱ्या दिवशी सूज म्हणजे पू, घरातली उरलेली अँटिबायोटिक सुरू करा.’ सूज सर्वांत जास्त दिसते तीच मुळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मग ओसरते. ओसरायच्या ऐवजी वाढतच गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण वाटली, तर रात्र असली तरी थेट सिव्हिल गाठा. दुसऱ्याच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्यांनी यातलं काहीच भागत नाही.

‘भात-दह्याने पू होतो.’ पू जंतूंनी होतो. मऊ भात-ताक, ज्वारीच्या कण्या, गार आंबील, हेच तर जेवण. टाळायची ती आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. शेंगेचा एक कण त्या खड्ड्यात बसला की समजतं.

‘खालची दाढ काढली की नजर जाते.’ दाढेची नस मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेची फांदी, नजरेची नस दुसरी. दोघींची वाट वेगळी. निरोपात नसलेली खरी गोष्ट अशी की खालच्या ओठाला स्पर्श कळवणारी नस त्या दाढेच्या मुळाजवळून जाते. इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर कळवा.

मावशींचा खड्डा हळुवार धुऊन पट्टी ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी कानशिलावरचा हात काढला आणि सुनेला म्हणाल्या, “पुस आधी ते मोबाइलातलं.”

“पुसते की. पण आत्या, सकाळीच मी माहेरच्या ग्रुपवर पाठवलंय.”